हेट स्पीचचा कायदा रद्द करायचा? आधी केस कोण लावू शकतो ते बघा

कॅनडातला हेट स्पीचचा वाद आपल्याकडे पोचतो तो जरा विचित्रच रूपात पोचतो. ब्रॅम्प्टनमध्ये खलिस्तानवाल्यांनी काही वाह्यात चित्ररथ काढला की आपली माणसं विचारतात, ह्या देशात कायदाबियदा आहे की नाही, आणि महिन्याभराने तीच माणसं फॉरवर्ड करतात की कॅनडात आता धर्मग्रंथ वाचला तरी जेल होणार म्हणे. दोन्ही एकदम खरं कसं असेल? कायदा आहे, चांगला पन्नासेक वर्षं जुना आहे, फार कमी वापरला जातो, आणि तो ठेवायचा का काढायचा ह्यावर तिथे गेली कित्येक वर्षं खरोखरच जोरात भांडण चालू आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. २०१३ साली कॅनडाच्या संसदेने हेट स्पीचचं एक कलम रद्द केलं, ते बरोबर केलं. आता काही लोक म्हणतायत की क्रिमिनल कोडमधलं कलम ३१९ पण उडवा किंवा पार छाटून टाका, ते मला पटत नाही. आणि लिबरल सरकार गेली काही वर्षं जे करू बघतंय ते तर त्याहून पटत नाही. हे वाचून वाटेल की ह्याला कुठल्याच बाजूने धड उभं राहता येत नाही, पण तसं नाहीये. माझ्या दृष्टीने काय बोलायला बंदी आहे हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, केस लावायची ताकद कोणाच्या हातात आहे. ह्या एका प्रश्नावर सगळी कलमं घासून बघितली की कुठलं ठेवायचं आणि कुठलं नाही ते बरंचसं कळतं.

रद्द झालेल्या कलमापासून सुरू करू कारण खरी मजा तिथेच आहे. हे फौजदारी कलम नव्हतंच. १९७७ च्या कॅनेडियन ह्यूमन राइट्स ॲक्टमधलं कलम १३. ते आलं कशासाठी तर टेलिफोनसाठी. जॉन रॉस टेलर नावाचा एक जुना फॅसिस्ट होता, त्याची वेस्टर्न गार्ड पार्टी टोरांटोत कार्ड वाटायची, कार्डावर फोन नंबर, नंबर फिरवला की ज्यूंविरुद्ध रेकॉर्ड केलेलं भाषण ऐकू यायचं. ते बंद करायला हे कलम कामी आलं, टेलर कोर्टाचा आदेश मोडल्याबद्दल तुरुंगातही गेला, आणि १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध तीन अशा फरकाने कलम वैध ठरवलं. इथपर्यंत ठीक. पण २००१ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जो दहशतवादविरोधी कायदा आला त्यात हे कलम इंटरनेटला लागू झालं आणि मग त्याचा आकारच बदलला.

कारण हे कलम कसं होतं बघा. तक्रार कोणीही करू शकत होतं. देवळातल्या घंटेसारखं, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही वाजवावी. तक्रार ह्यूमन राइट्स कमिशनने, म्हणजे ह्या कायद्याखालच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संस्थेने, उचलली की तपास आणि केस सरकारी खर्चाने, तक्रारदाराला वकील लावायची गरज नाही. ज्याच्यावर तक्रार, त्याने मात्र वकील स्वतःच्या खिशातून करायचा. हेतू काय होता हे सिद्ध करायची गरज नाही. तुम्ही बोललात ते खरं होतं हा बचाव चालत नाही. लिखाण एखाद्या गटाबद्दल द्वेष पसरवण्याची शक्यता असलेलं आहे एवढं पुरे. आणि जिंकलात तरी तुमचा खर्च परत मिळेल ह्याची काही खात्री नाही. इंटरनेटच्या काळात ट्रिब्युनलपुढे आलेल्या ह्या कलमाच्या केसेसपैकी बहुतेक एकाच माणसाने दाखल केलेल्या होत्या, आणि हा माणूस आधी काही काळ त्याच कमिशनमध्ये नोकरीला होता. त्याने पकडलेले लोक बहुतांश खरोखरचे निओ-नाझी होते हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धीच गोष्ट होईल. पण एक नागरिक, एक कलम आणि त्याच्यावर चालणारं अख्खं सरकारी ऑफिस, हे चित्र काही निरोगी नाही.

मग २००७ मध्ये मॅक्लिन्सवर तक्रारी झाल्या. मॅक्लिन्स म्हणजे तेव्हा तिथलं सगळ्यात जुन्या, घरोघरी जाणाऱ्या साप्ताहिकांपैकी एक होतं. त्याच्यात मार्क स्टाइनचा मुस्लिम लोकसंख्येबद्दलचा लेख आला होता, मला स्वतःला तो भडक आणि घाबरवणारा वाटला, पण असले लेख जगभर छापून येतात. कॅनेडियन इस्लामिक काँग्रेसने त्याच्याविरुद्ध एक नाही तीन ठिकाणी तक्रार केली: केंद्रीय कमिशन, ऑन्टारियो आणि ब्रिटिश कोलंबिया. कुठेच टिकली नाही. पण ब्रिटिश कोलंबियाच्या ट्रिब्युनलने जून २००८ मध्ये चक्क अनेक दिवस सुनावणी घेतली, म्हणजे एका राष्ट्रीय साप्ताहिकाने लेख का छापला ह्याची चिरफाड तीन माणसं बसून करतायत आणि तज्ज्ञ येऊन साक्ष देतायत. ऑन्टारियोच्या कमिशनने तर अजून कमाल केली, आमच्या अधिकारात हे येत नाही म्हणून तक्रार सोडली आणि वर लेखाचा निषेध करून टाकला. म्हणजे सुनावणीच नाही, पण निकाल तयार!

त्याच सुमाराला अल्बर्टात एझ्रा लेव्हंट. त्याच्या नियतकालिकाने २००६ मध्ये पैगंबरांची डॅनिश व्यंगचित्रं छापली म्हणून तिथल्या प्रांतीय कमिशनकडे तक्रार गेली. जानेवारी २००८ मध्ये चौकशी अधिकाऱ्यासमोर त्याला बसवलं, त्याने अख्खी चौकशी व्हिडिओवर घेतली आणि यूट्यूबवर टाकली. झालं, माणूस रातोरात हिरो. लेव्हंट मला अजिबात आवडत नाही, त्याने पुढे जे काही उद्योग केले ते तर मुळीच नाही, पण त्या व्हिडिओत एक सरकारी बाई शांतपणे विचारतेय की हे छापण्यामागे तुमचा हेतू काय होता, आणि ते बघताना माझी सहानुभूती नाइलाजाने त्याच्याकडेच जाते. असल्या माणसाकडे सहानुभूती वळवणारी व्यवस्था मला तरी नापास वाटते.

आता कलम १३ रद्द करा असं म्हणणारे फक्त उजवे होते असं समजू नका. २००८ मध्ये संसदेत पहिला ठराव आणला तो कीथ मार्टिनने, तो लिबरल खासदार. पेन कॅनडा म्हणजे लेखकांची संघटना, तीही ह्या बाजूला. ॲलन बोरोव्हॉय नावाचे एक मोठे गृहस्थ होते, कॅनेडियन सिव्हिल लिबर्टीज असोसिएशनचे कित्येक वर्षं सर्वेसर्वा, स्वतः ज्यू, ह्यूमन राइट्स कमिशनं उभी करायच्या चळवळीत स्वतः राबलेले. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही ही कमिशनं घरभाड्यात आणि नोकरीत होणारा भेदभाव थांबवायला उभी केली, लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांच्या मागे लागायला नाही. शेवटी कमिशननेच विंडसर युनिव्हर्सिटीतल्या रिचर्ड मून ह्या कायद्याच्या प्राध्यापकाला अहवाल लिहायला सांगितलं आणि त्यांनीही नोव्हेंबर २००८ मध्ये सांगितलं, कलम काढून टाका, हिंसेला चिथावणी देणारं बोलणं असेल तर ते फौजदारी कायद्याने बघा. मग अल्बर्टाचा कन्झर्व्हेटिव्ह खासदार ब्रायन स्टोर्सेथ ह्याने खासगी विधेयक आणलं, सी-३०४. जून २०१२ मध्ये ते १५३ विरुद्ध १३६ मतांनी खालच्या सभागृहात पास झालं, जून २०१३ मध्ये सिनेटमध्ये, आणि वर्षभराने अमलात आलं. ह्या कहाणीचं मला कौतुक आहे. एका कायद्याचा त्रास दिसला, तावातावाने वाद घातला, मतदान केलं, रद्द केला. आपल्याकडे असं शेवटचं कधी झालं आठवून बघा.

आता दुसरं कलम. हे खरं फौजदारी, आणि तुरुंगात नेणारं.

१९६० च्या दशकात टोरांटो आणि मॉन्ट्रिअलमध्ये नाझी पत्रकं वाटली जायला लागली, १९६५ मध्ये टोरांटोच्या ॲलन गार्डन्समध्ये एका नाझी सभेवरून मोठी मारामारी झाली. सरकारने मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या मॅक्सवेल कोहेन ह्यांची समिती नेमली, तिच्यात पिएर ट्रुडो पण होते, तेव्हा ते पंतप्रधान झालेले नव्हते. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि १९७० मध्ये कायदा झाला. तोच आजचा ३१८ आणि ३१९. ३१८ म्हणजे वंशसंहाराची भलामण. ३१९ मध्ये मुख्य भाग दोन: एक, सार्वजनिक जागी द्वेष भडकवणं ज्याने शांतता भंग होईल, आणि दुसरा, ज्याच्यावर सगळं रामायण आहे तो, जाणूनबुजून द्वेष पसरवणं. जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. पण त्याच्यात अटी किती ते बघा. खासगी बोलणं वगळलंय. बोलणं खरं असेल तर सुटका. लोकहिताच्या विषयावर, खरं आहे असं मानायला वाजवी कारण असताना बोललात तर सुटका. धर्मग्रंथावर आधारलेलं मत प्रामाणिकपणे मांडलंत तर सुटका. आणि सगळ्यात मोठी अट, ॲटर्नी जनरलची संमती असल्याशिवाय केसच उभी राहत नाही. प्रांतात ॲटर्नी जनरल म्हणजे जवळपास आपला कायदामंत्री, निवडून आलेला, विधानसभेत उत्तर द्यायला बांधलेला.

कोणाकोणाबद्दल द्वेष पसरवला तर गुन्हा, त्याची यादी कायद्यात आहे: रंग, वंश, धर्म, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ, वय, लिंग, लैंगिक कल, जेंडर ओळख, अपंगत्व. जात त्या यादीत नाही. टोरांटोच्या शाळा बोर्डाने २०२३ मध्ये जातीवरून होणारा छळ हा विषय हातात घेतला, ऑन्टारियोच्या ह्यूमन राइट्स कमिशनने पण त्याच वर्षी घेतला, पण क्रिमिनल कोड अजून तिथे पोचलेला नाही. असो, तो वेगळा लेख होईल.

ह्या कायद्यात सुरुवातीला कोण सापडलं ते कळलं की रद्द करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा एकदम समजतो. ऑन्टारियोत विंडसरजवळ एसेक्स काउंटीत फ्रेंच भाषिक अल्पसंख्य होते, त्यांना फ्रेंच हायस्कूल हवं होतं आणि मिळत नव्हतं. बुझांगा आणि दुरोशे ह्या दोघांनी काय केलं, फ्रेंच लोकांविरुद्धच एक विखारी पत्रक छापून वाटलं. म्हणजे उपरोध, लोकांनी वाचावं, चिडावं आणि शाळेला पाठिंबा द्यावा. आणि दोघं दोषी ठरले, फ्रेंच लोकांविरुद्ध द्वेष पसरवल्याबद्दल! १९७९ मध्ये अपील कोर्टाने ती शिक्षा रद्द केली आणि सांगितलं की 'जाणूनबुजून' म्हणजे द्वेष पसरावा हाच हेतू असला पाहिजे किंवा तो पसरणारच हे पक्कं ठाऊक असलं पाहिजे. त्या निकालाने कलम घट्ट झालं हे खरं, पण अल्पसंख्यांसाठी केलेल्या कायद्यात आधी अल्पसंख्यच अडकले हे विसरून चालणार नाही.

मग आला कीगस्ट्रा. अल्बर्टातलं एकव्हिल, छोटंसं गाव, जेम्स कीगस्ट्रा तिथल्या हायस्कूलमध्ये समाजशास्त्र शिकवायचा, शिवाय गावाचा मेयर. वर्षानुवर्षं पोरांना शिकवत राहिला की होलोकॉस्ट थाप आहे, जगातल्या सगळ्या वाईटाच्या मागे ज्यूंचा कट आहे. आणि परीक्षेत हेच लिहिलं तर मार्क, नाही लिहिलं तर मार्क कमी. एका मुलाच्या आईने वह्या बघितल्या म्हणून प्रकरण बाहेर आलं. १९८२ मध्ये नोकरी गेली, पुढच्या वर्षी मेयरची निवडणूक हरला, १९८४ मध्ये ३१९ खाली केस. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टात चार विरुद्ध तीन. सरन्यायाधीश ब्रायन डिक्सन ह्यांनी लिहिलं की असलं बोलणं अभिव्यक्तीच आहे, पण त्याच्यावरचं बंधन वाजवी आहे, कारण ज्या समूहाबद्दल हे सतत बोललं जातं ती माणसं हळूहळू सार्वजनिक आयुष्यातून अंग काढून घेतात. विरोधात बेव्हर्ली मॅक्लाक्लिन, ज्या पुढे स्वतः सरन्यायाधीश झाल्या. त्यांचं म्हणणं, हे शब्द इतके सैल आहेत की साधी माणसं घाबरून गप्प बसतील आणि द्वेष्ट्यांना उलट व्यासपीठ मिळेल.

मला विचाराल तर कीगस्ट्राच्या केसपुरती मॅक्लाक्लिनबाईंची बाजू जड आहे. त्याला थांबवलं ते शाळा बोर्डाने आणि मतदारांनी, ३१९ लागायच्या आधीच. केस मात्र १९९६ पर्यंत लोंबकळली. म्हणजे ज्याचं नाव अल्बर्टाच्या बाहेर कोणी ऐकलं नसतं तो बारा वर्षं पेपरात.

तरीसुद्धा कलम ठेवा असं का म्हणतो? त्याचं उत्तर दुसऱ्या एका माणसात आहे, अर्न्स्ट झुंडेल. जर्मन, टोरांटोत राहायचा, होलोकॉस्ट झालाच नाही अशी पुस्तिका स्वतः छापून जगभर पाठवायचा. ह्याला काढून टाकणारं कोणी नाही, तो स्वतःच मालक. ऑन्टारियोच्या ॲटर्नी जनरलने ३१९ साठी संमती दिली नाही. मग सबीना सिट्रॉन, होलोकॉस्टमधून वाचलेली बाई, तिने १९८३ मध्ये खासगी तक्रार केली ती दुसऱ्याच एका जुन्या कलमाखाली, खोट्या बातम्या पसरवण्याचं कलम, त्याला कोणाच्या संमतीची गरज नव्हती. पुढे सरकारी वकिलांनीच ती केस चालवायला घेतली. दोन खटले झाले, १९८५ आणि १९८८. झुंडेल रोज हेल्मेट घालून कोर्टात येणार, कॅमेरे मागे, आणि स्वतःच फुशारकी मारायचा की दहा लाख डॉलरची पब्लिसिटी फुकट मिळाली. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं आणि झुंडेल सुटला.

रद्दवाले ही गोष्ट नेहमी सांगतात, बघा कायद्याने द्वेष्ट्यालाच मोठं केलं. मला त्याच्यात उलटं दिसतं. ज्या अरुंद कलमाला फिल्टर होता त्याने नाही म्हटलं, तेव्हा लोक गप्प घरी नाही बसले, जे रुंद, ढिलं आणि कोणालाही वापरता येईल असं कलम मिळालं ते त्यांनी उचललं. द्वेषाने होरपळलेली माणसं काहीतरी करणारच, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ३१९ उद्या गेलं तर हा दाब कुठेतरी जाणारच आहे. कुठे जातो ते आत्ताच दिसतंय. गाझा युद्ध सुरू झाल्यावरच्या मोर्चांमुळे व्हॉनने २०२४ मध्ये, मग हिंदू मंदिराबाहेरच्या हाणामारीनंतर ब्रॅम्प्टनने, आणि टोरांटोने मे २०२५ मध्ये प्रार्थनास्थळांच्या आसपास निदर्शनं रोखणारे नियम केले. म्हणजे कोणी काय म्हटलं ह्यापेक्षा कुठे उभे आहात हे जास्त बघायचं आणि दंड लावणार महापालिकेचा माणूस. ह्याच्यापेक्षा पुरावा, हेतू, बचाव, संमती असं सगळं मागणारं एक अरुंद फौजदारी कलम मला शंभरदा बरं वाटतं.

मॅक्झिम बर्निएची पीपल्स पार्टी म्हणते की हेट स्पीचची व्याख्या फक्त बळाचा वापर करा असं उघड सांगणाऱ्या बोलण्यापुरती ठेवा, साधारण अमेरिकेसारखं. सुटसुटीत रेष आहे ह्यात शंका नाही. पण त्या रेषेवर कीगस्ट्रा पण सुटतो, झुंडेल पण सुटतो, कारण दोघांनी कोणाला मारा असं म्हटलंच नाही. ते फक्त सांगत राहिले की ही माणसं माणसं नाहीत, कट करणारी जमात आहे. क्युबेक सिटीच्या मशिदीत जानेवारी २०१७ मध्ये सहा जणांना गोळ्या घातल्या, लंडन ऑन्टारियोत जून २०२१ मध्ये एका मुस्लिम कुटुंबातले चार जण ट्रकखाली चिरडले, ते करणारे काही कोणाच्या थेट हुकमाने आले नव्हते. अर्थात ३१९ होतं म्हणून हे थांबलं का, तर नाही. पोलिसांकडे नोंदलेले हेट क्राइम २०१९ मध्ये साधारण १,९५० होते ते २०२४ मध्ये ४,८०० च्या वर गेले, कायदा असतानाच. कायद्याने द्वेष कमी होतो असा दावा मी करणार नाही. तो अगदी टोकाच्या माणसासाठी आहे आणि टोकापुरताच राहिला तर ठीक आहे.

आणि इथेच लिबरल सरकारवर माझा राग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सी-६३ हे विधेयक आणलं. ऑनलाइन मुलांचं शोषण थांबवायचं म्हणून सुरुवात, त्याला कोणाचा विरोध असणार, पण त्याच गठ्ठ्यात कलम १३ परत, दोषी ठरलात तर तक्रारदाराला २०,००० डॉलरपर्यंत आणि वर ५०,००० पर्यंत दंड, वंशसंहाराची भलामण केली तर जन्मठेप, आणि अमुक माणूस पुढे द्वेषाचा गुन्हा करेल अशी भीती वाटली तर आधीच त्याच्यावर बंधनं. जस्टिन ट्रुडोंनी जानेवारी २०२५ मध्ये संसद स्थगित केली आणि विधेयक गेलं, बरं झालं. मग कार्नींचं सरकार आलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायमंत्री शॉन फ्रेझर ह्यांनी सी-९ आणलं. हे सी-६३ पेक्षा पुष्कळ बरं. प्रार्थनास्थळात जाणाऱ्यांना धमकावणं गुन्हा, हे मला मान्य आहे. नाझी किंवा दहशतवादी संघटनांची चिन्हं द्वेष पसरवायच्या हेतूने दाखवणं गुन्हा, ह्याच्यावर बोलता येईल, आणि हिंदू, जैन, बौद्ध संघटनांनी आमचं स्वस्तिक ह्यात ओढू नका असं सांगितलं ते रास्तच होतं, उंबऱ्यावर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक बघून एखादा शेजारी पोलिसांना फोन करेल ही भीती तिकडे राहणाऱ्या मराठी घरांमध्ये उगाच नाही. पण विधेयक आलं त्या मसुद्यात एक छोटीशी ओळ होती, द्वेष पसरवण्याच्या केसला ॲटर्नी जनरलची संमती लागणार नाही. सरकारचं कारण, केसेस लवकर मार्गी लागतील.

अख्ख्या विधेयकात मला सगळ्यात वाईट ही ओळ वाटली. पेपरवाल्यांनी चिन्हांवर रकाने भरले आणि हिच्यावर तुलनेने कमी लिहिलं. ३१९ इतकी वर्षं सहन होतं ते त्याच्या व्याख्येमुळे नाही, व्याख्या शेवटी कोर्टात कळते, तोपर्यंत माणसाची पाच-सात वर्षं गेलेली असतात. ते सहन होतं कारण सुरुवातीलाच एक दार आहे आणि दारावर बसलेल्याला आपलं नाव लावून हो किंवा नाही म्हणायला लागतं.

हे दार नसलं की काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्याकडे तेढ पसरवणं आणि धार्मिक भावना दुखावणं ह्यांची कलमं १५३अ, २९५अ, आता नव्या संहितेत १९६ आणि २९९. कोणीही कुठल्याही पोलीस ठाण्यात जावं आणि भावना दुखावल्या म्हणून एफआयआर करावी. गंमत म्हणजे आपल्याकडे पण सरकारी मंजुरी लागते! पण ती कोर्टाने दखल घ्यायच्या वेळी, अटकेच्या वेळी नाही. म्हणजे माणूस आधी आत, मंजुरीचं मग बघू. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. केस टिकली नाही, पोलीस अधिकारी निलंबित झाले, आयटी ॲक्टमधल्या ज्या ६६अ कलमाचा त्यात वापर झाला ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पण त्या दोघींची ती रात्र काही पुसली गेली नाही.

आता ह्याच्यावर कोणी म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे, की संमतीचा अधिकार राजकारण्याच्या हातात दिला की तो बड्यांना सोडणार. एकदम बरोबर. १९९२-९३ च्या दंगलीतल्या 'सामना'मधल्या लिखाणाबद्दल बाळासाहेबांवर खटला भरा म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा हायकोर्टात गेले, हरले. सरकारं आली-गेली, मंजुरी अडकून राहिली, आणि जुलै २००० मध्ये अखेर अटक झाली तेव्हा मॅजिस्ट्रेटने सांगितलं मुदत संपलीय, घरी जा. कॅनडातही ऑक्टोबर २०२३ मध्ये मॉन्ट्रिअलच्या रॅलीत आदिल शारकावी ह्या इमामाने 'झायोनिस्ट आक्रमकां'च्या नाशासाठी जी प्रार्थना केली त्यावर क्युबेकच्या सरकारी वकिलांनी मे २०२४ मध्ये केस न लावायचं ठरवलं, आणि त्याच रागातून ब्लॉक क्युबेक्वा ह्या क्युबेकवादी पक्षाने धर्मग्रंथाचा बचावच काढून टाका अशी मागणी लावून धरली. डिसेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती समितीत मान्यही झाली. कन्झर्व्हेटिव्ह म्हणाले आता बायबल गुन्हा ठरणार. ते अतिशयोक्ती आहे, 'जाणूनबुजून' ही अट आहे ना अजून. आणि तो बचाव काही कवचकुंडलं नव्हता, इस्लामविरोधी पत्रकं वाटणाऱ्या एका माणसाने टोरांटोत तो घेऊन बघितला होता, २००१ मध्ये ऑन्टारियोच्या अपील कोर्टाने मानला नाही. पण मग काढायचा कशाला? एका माणसावर केस लागली नाही म्हणून सगळ्यांचा बचाव काढून घ्यायचा, हा रागाने केलेला कायदा झाला. शिवाय धर्मग्रंथावर तुटून पडणाऱ्यांची पण काळजी आहेच, महाडला १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली ते कृत्य कुठल्याही हेट स्पीच कायद्याच्या तावडीतून सुटलं पाहिजे, आणि ते सुटेल लोकहिताच्या बचावाने. बचाव जितके जास्त तितकं बरं, एवढाच माझा हिशोब.

राहता राहिलं खलिस्तान. जून २०२३ मध्ये ब्रॅम्प्टनच्या मिरवणुकीत इंदिरा गांधींच्या हत्येचा देखावा होता, जयशंकरांनी निषेध केला, आणि आपल्याकडे सगळ्यांनी विचारलं की कॅनडा ह्यांना आत का टाकत नाही. देखावा किळसवाणाच होता, एअर इंडियाच्या ज्या विमानात १९८५ मध्ये ३२९ माणसं मारली गेली ते जिथून निघालं होतं त्या देशात तर जास्तच. पण ३१९ मध्ये तो बसवणं अवघड आहे, एका पंतप्रधानाची हत्या साजरी करणं म्हणजे धर्म किंवा वंशावरून एखाद्या समूहाबद्दल द्वेष पसरवणं असं सरळ होत नाही. बब्बर खालसा २००३ पासून कॅनडाच्या दहशतवादी यादीत आहे, त्यामुळे सी-९ मधलं चिन्हांचं कलम हिंदूंविरुद्ध द्वेष पसरवायला तो झेंडा नाचवणाऱ्याला कदाचित लागेल. पण ज्यांना ह्याचा आनंद होतोय त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की संमतीचं दार काढलं तर उद्या एखाद्या हिंदू संघटनेच्या भाषणावर पण अशीच केस तितक्याच सहज लागेल. तक्रार करणारे दोन्हीकडे तयार बसलेत.

मग बड्यांना सोडणाऱ्या संमतीचं काय करायचं? दार ठेवायचं, पण दारामागे काय चालतं ते दिसू द्यायचं. किती प्रकरणं पोलिसांनी पाठवली, किती नाकारली, प्रत्येक नकाराचं कारण लेखी आणि जाहीर, दर वर्षी विधानसभेच्या पटलावर. शारकावीच्या वेळी क्युबेकच्या सरकारी वकिलांनी निर्णय निवेदन काढून जाहीर केला होता, म्हणजे हे अशक्य काही नाही. नाकारलेल्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाता येईल अशी सोय करा, ठरावीक मुदतीत हो-नाही सांगायचं बंधन घाला, म्हणजे आपल्याकडे झालं तसं मुदत संपेपर्यंत फाइल दाबून ठेवता येणार नाही. रद्दवाल्यांपैकी कोणी ह्याच्यावर बोलत नाही कारण त्यांना सगळंच नकोय, आणि सरकार बोलत नाही कारण नकाराचं कारण लिहायला लागलं की उत्तर पण द्यायला लागतं.